नव्व्याण्णव वर्षांची माणसं

आमच्या इस्पितळात केसपेपरच्या तीन खिडक्या आहेत. पहिल्या खिडकीत बाई बसत आणि तिला लागून असलेल्या औषधांच्या खिडकीत मी. मधे लाकडी फळी. फळीला मुठीएवढं भोक आहे. कधीकाळी तिथून वायर गेली असावी. वीसेक वर्षं आमचं बोलणं त्या भोकातून चाललं. तेव्हा ही हकीकत निम्मी मी डोळ्यांनी पाहिलेली आणि निम्मी भोकातून ऐकलेली आहे. ऐकलेली जास्त भरवशाची, कारण बाईंना तिखटमीठ लावता येत नाही.

बाईंचं काम सोपं होतं, म्हणजे ज्यांनी ते कधी केलं नाही त्यांच्या मते. माणूस पुढे आला की विचारायचं: नाव, वय, राहता कुठे, काय होतंय, कधीपासून होतंय. उत्तरं कॉम्प्युटरवर टाकायची, कागद छापायचा, खालची स्थळप्रत फाडून आपल्याकडे ठेवायची, पुढचा माणूस. दिवसाला दोनशे माणसं. यातले पन्नास तरी 'वय' विचारल्यावर बायकोकडे बघतात.

तर एके दिवशी परिपत्रक आलं. अभिलेख विभागातल्या बढतीसाठी यापुढे संगणन आणि डेटाविज्ञानाची पदवी 'इष्ट' राहील. ऑफिसच्या भाषेत इष्ट म्हणजे, नसेल तर तुमचं अनिष्ट. त्याच सुमारास विद्यापीठाने दोन वर्षांचा नवा अभ्यासक्रम काढला होता, दुपारी तीन ते सहा. आमच्या खिडक्या दोनला बंद होतात. बाईंनी फॉर्म भरला. वय वर्षं चव्वेचाळीस, आधीची पदवी इतिहासाची.

पहिला फटाका घरात फुटला. बाईंच्या नणंदेचा मुलगा त्याच अभ्यासक्रमाला बसणार होता. हुशार म्हणून त्याची ख्याती होती. म्हणजे तो बोलताना थांबत नसे. नणंद तरातरा आली.

"वहिनी, माझ्या पोराच्या वर्गात बसणार तू? अगं, बाकात मावशील का?"

"नाही मावले तर उभी राहीन," बाई म्हणाल्या. "अठरा वर्षं लोक माझ्यापुढे उभेच आहेत."

बाईंचे यजमान लिफ्ट दुरुस्त करतात. ते फारसं बोलत नाहीत, बोलले तर लिफ्टबद्दल बोलतात. "वर जायचंय ना? मग बटण दाब. नुसतं दारात उभं राहून लिफ्ट येत नसते," एवढं म्हणून ते जेवायला बसले. भाच्याने मात्र मामीला जिन्यात गाठलं.

"मामी, एक कर. वर्गात मला हाक मारू नकोस."

"बरं. पण तुला काही अडलं तर?"

"मला?" म्हणून तो जो हसला, ते हसू बाईंनी मला भोकातून करून दाखवलं होतं.

विद्यापीठातल्या विभागाची इमारत नवी होती आणि आतलं सगळं जुनं. प्रयोगशाळेत तीस कॉम्प्युटर. त्यातले एकोणीस चालत आणि चौदा ऐकत. एका कीबोर्डला स्वल्पविरामाचं बटण नव्हतं. त्या मशीनवर बसलेल्याने प्रोग्रॅम दुसरीकडून उतरवला तर त्याला कॉपी म्हणत नसत, नाइलाज म्हणत. बाकीचेही उतरवतच, पण हौसेने. एकाने लिहायचा, बाकीच्या एकोणतिसांनी त्यातली नावं बदलायची. भाचा हा लिहिणाऱ्यांपैकी समजला जाई. तो कुठून लिहितो हे कोणी विचारत नसे.

विभागप्रमुखांना मुलं दवंडीसर म्हणत. विभागात काहीही होण्याआधी त्याची घोषणा होई, आणि घोषणा झाली की ते होण्याची फारशी गरज उरत नसे. भिंतीवर त्यांचे बारा फोटो होते. सगळ्यांत ते कुणाशी तरी करार करताना हात मिळवत होते. पहिल्याच तासाला सर म्हणाले, "एक गोष्ट मनावर कोरून ठेवा. माणूस खोटं बोलतो. डेटा कधीच खोटं बोलत नाही."

बाईंनी हात वर केला. "पण सर, डेटा लिहितो माणूसच ना?"

"बसा," सर म्हणाले. बाई बसलेल्याच होत्या.

मग आला रिकाम्या घरांचा तास. तक्त्यात काही घरं रिकामी असतील तर काय करायचं? सरांनी सांगितलं की त्या उभ्या रकान्याची सरासरी काढून रिकाम्या घरात टाकायची, झालं काम. बाईंनी विचारलं, "पण ती रिकामी का आहेत?" सर म्हणाले, ते महत्त्वाचं नाही. बाई म्हणाल्या, "एखाद्याने सांगितलं नसेल, एखाद्याला विचारलंच नसेल, एखादा बेशुद्ध असेल. तिघांना एकच सरासरी का?" सर म्हणाले, अभ्यासक्रमात तसंच आहे. बाई म्हणाल्या, "अभ्यासक्रमात तसं का आहे?" मागच्या बाकावरून कुणीतरी बारीक आवाजात "का, बाई, का?" म्हणालं आणि वर्ग फुटला. त्या दिवसापासून विद्यापीठात त्यांचं नाव काबाई पडलं. सगळ्यांत मोठ्याने भाचा हसला, असं दुसऱ्या एका मुलीने बाईंना सांगितलं. मागे वळून बघायचं नाही, हे बाईंनी भाच्याला दिलेल्या शब्दात आलंच होतं.

अभ्यास सोपा गेला असं मुळीच नाही. गणिताने त्यांना घाम फोडला. पहिल्या परीक्षेत शंभरात एकोणतीस. ते एकोणतीस नणंदेने दोन गल्ल्यांत वाटले. बाई रोज डबा खाताना माझ्या खिडकीच्या पत्र्यावर खडूने आकडेमोड करत, आणि मी औषधं देताना ती पुसली जाई, म्हणून पुन्हा करत. पुन्हा केल्यामुळेच ते डोक्यात बसलं, असं त्या म्हणतात. प्रोग्रॅम चुकला की इतर मुलं मशीनला शिव्या देत, बाई सवयीने पुटपुटत, "काय होतंय? कधीपासून होतंय?" आणि कालपर्यंत काय चालत होतं आणि आज काय बदललं ते शोधत. चूक सापडायला वेळ लागे, पण सापडे. दुसऱ्या परीक्षेत चोपन्न मिळाले. ते कुणीही वाटले नाहीत.

दुसऱ्या वर्षी दवंडीसरांनी तेराव्या फोटोची सोय केली. करार झाला तो आमच्याच इस्पितळाशी. इस्पितळाने अकरा वर्षांची केसपेपरची माहिती, नावं गाळून, विभागाला द्यायची. विभागाने त्यावरून सांगायचं की कुठला रुग्ण पुन्हा तपासणीला येणार नाही. त्यातल्या अपघात-जखमांच्या सव्वादोन लाख ओळी निवडल्या. भाचा प्रकल्पाचा विद्यार्थी-प्रमुख झाला, आणि एका सोमवारी सरांनी सगळ्या वर्गासमोर पडद्यावर पहिला आलेख दाखवला. वयानुसार रुग्ण. लहान टेकडी, मोठी टेकडी, मग उतार, आणि उतार संपून सपाटी लागल्यावर एकदम एक खांब. सरळ, उंच, एकटा. वय नव्व्याण्णव. रुग्ण सहा हजार तीनशे चाळीस. त्यातले चौऱ्याण्णव टक्के पुन्हा कधीच आलेले नाहीत.

"बघा," सर पडद्याकडे हात करून म्हणाले. "वृद्धांना लोक एकदा इस्पितळात आणतात आणि नंतर विसरून जातात. आपल्या समाजाची शोकांतिका या एका खांबात उभी आहे."

दोन मुलींनी डोळे पुसले. एवढ्याशा गावात नव्व्याण्णव वर्षांची सहा हजार माणसं, आणि अठ्ठ्याण्णवचे फक्त नऊ, हे कुणालाच खटकलं नाही. एकट्या बाई खांबाकडे टक लावून बसल्या होत्या. आपलं अक्षर आपल्याला कुठेही ओळखू येतं.

झालं होतं असं. अकरा वर्षांपूर्वी कॉम्प्युटर आला तेव्हा पहिल्याच आठवड्यात अनोळखी लोकांनी एका बेशुद्ध माणसाला आणलं. वय माहीत नाही. ते घर रिकामं ठेवलं तर मशीन पुढे जाईना. बाईंनी शून्य टाकलं, तर मशीनने त्या दाढीवाल्या माणसाला बालरोग विभागात धाडलं. शंभर टाकायला गेल्या, तर तीन आकडे मावेनात. मागे रांग ओरडत होती. बाईंनी नव्व्याण्णव टाकलं आणि कागद निघाला. दुपारी त्यांनी दुसऱ्या दोन खिडक्यांना सांगितलं, "वय कळलं नाही तर नव्व्याण्णव टाका, चालतंय." आणि चाललं, अकरा वर्षं चाललं. आणणाऱ्यांना पुष्कळदा नाव-पत्ता माहीत असे, वय नसे. माणूस शुद्धीवर आला की वॉर्डातली नर्स खिडकीवर येऊन त्याचं खरं नाव-वय पेनाने स्थळप्रतीवर लिही. पण कॉम्प्युटरात जाऊन ते बदलणार कोण? घरी जाताना त्याचे कागद वॉर्डातच राहत. आठवड्याने तो मलमपट्टीला येई तेव्हा हातात काहीच नसे, म्हणून नवा केसपेपर निघे, नवा नंबर आणि खरं वय. म्हणजे नव्व्याण्णव वर्षांचा म्हातारा जवळजवळ कधीच परत येत नसे. परत येई तो सव्वीस वर्षांचा तरुण.

हे सगळं बाईंना त्या बाकावर बसल्या बसल्या कळलं. आणि त्या गप्प बसल्या. ज्या बाईने दीड वर्ष दर तासाला 'का' विचारलं, तिला आज उत्तर माहीत होतं आणि तोंड उघडत नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला सांगितलं.

"भाऊ, ते सगळे म्हातारे माझे आहेत."

"मग सांगून टाका ना सरांना."

"आणि नोकरी? सरकारी नोंदीत खोटं वय घातलंय मी. एकदा नाही, अकरा वर्षं."

मी म्हटलं, "मग नका सांगू. कुणाचं काय बिघडतंय?" हे मी म्हटलं होतं, आणि ते इथे लिहून ठेवणं बरं.

बिघडायला तीन आठवडे लागले. सरांच्या शिफारशीवरून आमच्या अधीक्षकांनी 'ज्येष्ठांच्या दारी' नावाची योजना काढली. इस्पितळाकडे रुग्णांना ने-आण करणारी गाडी एकच. ती गावाबाहेरच्या वस्त्यांमधून प्लास्टर आणि जखमा असलेल्या लोकांना मंगळवारी आणि शुक्रवारी मलमपट्टीला आणत असे. ती तिथून काढली आणि नव्व्याण्णव वर्षांच्या रुग्णांना घरून आणायला लावली. गाडीत चाकाची खुर्ची ठेवली, दोन नर्सा दिल्या, गाडीला फुगे लावून फोटो काढला.

चौथ्या दिवशी गाडीचा ड्रायव्हर माझ्या खिडकीला टेकून उभा राहिला.

"औषधवाले, डोक्यासाठी काहीतरी द्या. यादीतले आजोबा आणायला गेलो. सून म्हणाली आजोबा कुणी नाही. नाव वाचून दाखवलं तर म्हणते, ते काय वर आहेत. बघतो तर आजोबा छपरावर बसून कौलं बदलत होते! मला म्हणतात, खुर्ची घेऊन आलायस तर वर दे, हात पुरत नाही."

पलीकडे टाइप करणारे हात थांबले.

महिनाभरात गाडी एकेचाळीस घरी गेली. एक आजीबाई शाळेत परीक्षा देत होती. एक आजोबा नवी मोटारसायकल पुसत होते. खरा म्हातारा एकच भेटला, तो बहात्तरचा होता आणि नव्व्याण्णव म्हटल्याबद्दल नर्सेसच्या अंगावर छत्री घेऊन धावला. ड्रायव्हरने हे सगळं वहीत लिहून दिलं. ती वही दवंडीसरांकडे गेली. सर म्हणाले, "ही क्षेत्रपातळीवरची किरकोळ विसंगती आहे. याला आउटलायर म्हणतात. म्हणजे अपवाद." एकेचाळीसपैकी एकेचाळीस अपवाद. नियम कुठे राहायला गेला होता कोण जाणे.

त्याच महिन्याच्या शेवटी एका हातगाडीवरून एक गवंडी आला. बायको गाडी ढकलत होती. पायाला प्लास्टर, पुढची बोटं काळी पडलेली. दर मंगळवारी तो गाडीने यायचा. चार मंगळवार गाडी आली नाही. बाईंनीच त्याचा केसपेपर काढला. वय विचारलं, त्याने सदतीस सांगितलं, त्यांनी सदतीस टाकलं. संध्याकाळी डॉक्टरांनी त्याची दोन बोटं काढली.

बाई दुसऱ्या दिवशी भोकातून म्हणाल्या, "भाऊ, स्टोअरची चावी तुमच्याकडे असते ना? जुन्या स्थळप्रती बघायच्यात. शेवटच्या परीक्षेचा प्रबंध त्यांवरच लिहायचाय."

सहा हजार तीनशे चाळीसमधून त्यांनी कॉम्प्युटरकडून तीनशे नंबर चिठ्ठ्या काढल्यासारखे निवडून घेतले. ते शिक्षण विद्यापीठाचंच, श्रेय द्यायला हवं. मग रोज दुपारी वर्गाआधी तासभर स्टोअरमध्ये पोत्यांवर बसून त्या स्थळप्रती शोधल्या. पोत्यांत झुरळं होती, एका पोत्यात मांजर व्यालेलं होतं. ते पोतं बाईंनी पिल्लं चालू लागेपर्यंत उघडलं नाही आणि प्रबंधात तसं नमूद केलं. तीनशेपैकी दोनशे चौऱ्याऐंशी सापडल्या. नर्सेसनी पेनाने लिहिलेली खरी वयं त्यांवर होती: सरासरी तेहतीस. ऐंशीच्या वरचे चार. मग त्या नावांनी पुढचे केसपेपर शोधले, फोन केले. दोनशे एकतीस माणसं नव्या नंबराने परत आलेली होती. प्लास्टर काढून, टाके काढून, बरी होऊन गेलेली होती.

दवंडीसरांनी प्रबंध चाळला. "यात मॉडेल कुठे आहे?"

"नाही, सर."

"नुसतं जाऊन विचारलंय तुम्ही."

"हो, सर. विचारलंय."

"ही पद्धत अभ्यासक्रमात नाही." पण नियमाने तोंडी परीक्षेला बसू देणं भाग होतं. सरांनी त्यांचा नंबर शेवटचा लावला, चहापानाच्या नंतर.

परीक्षा मोठ्या सभागृहात होती. आमचे अधीक्षक पाहुणे होते, आणि इस्पितळातल्या आम्हा बावीस जणांना टाळ्यांसाठी नेलं होतं. बाहेरून आलेल्या परीक्षक एक वयस्क प्राध्यापिका होत्या; चष्मा दोरीला बांधलेला, समोर पाण्याचा ग्लास. भाच्याने सादरीकरण झोकात केलं. खांब पडद्यावर उभा राहिला, मागे दुःखी संगीत वाजलं. आम्ही टाळ्या वाजवल्या. परीक्षकबाईंनी चष्मा लावला.

"मुला, नव्व्याण्णव वर्षांच्या सहा हजार माणसांत तुला काही विचित्र वाटलं नाही?"

"मॅडम, आमच्या मॉडेलची अचूकता ब्याण्णव टक्के आहे," भाचा म्हणाला.

"ते मी वाचलं. मी विचारलं, विचित्र वाटलं नाही?"

भाचा पहिल्यांदाच बोलायचा थांबला. दवंडीसर मधे पडले आणि त्यांनी चहा जाहीर केला.

चहानंतर निम्मं सभागृह रिकामं झालं. बाई उभ्या राहिल्या. संगीत नाही, फोटो नाही. हातातला कागद त्यांनी टेबलावर ठेवला आणि पाठीमागे हात बांधले, शाळेतल्यासारखे.

"ही सहा हजार माणसं नव्व्याण्णव वर्षांची नाहीत," त्या म्हणाल्या. "त्यांचं वय माहीत नव्हतं. घर रिकामं सोडता येत नव्हतं, म्हणून मी नव्व्याण्णव टाकलं. पहिल्यांदा मी टाकलं, मग इतरांना मीच शिकवलं." आणि मग त्यांनी स्थळप्रती, चिठ्ठ्या, दोनशे एकतीस, सगळं ओळीने सांगितलं. शेवटी गवंड्याच्या दोन बोटांचं सांगितलं. "ते मी आधी बोलले असते तर टळलं असतं. तेही यात लिहिलंय. पान एकोणचाळीस."

आमचे अधीक्षक खुर्चीत पुढे सरकले. "बाई, हे असं वय टाकायचा आदेश कोणी दिला होता?"

"कोणी नाही, साहेब. माझा मीच."

"अकरा वर्षं?"

"अकरा वर्षं. आणि दर महिन्याच्या तक्त्यावर वयोगट छापलेला असतो. त्यावर तुमची सही आहे."

टाळ्या वाजवायच्या की नाही हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. मी दोनदा वाजवल्या आणि अधीक्षकांनी वळून बघितल्यावर हात खिशात घातले. माझं शौर्य तेवढंच. परीक्षकबाई मात्र पान एकोणचाळीस उघडून वाचत होत्या.

यानंतर बाईंचा सत्कार झाला असं वाटत असेल तर तुम्ही कधी नोकरी केलेली नाही. बाईंना कारणे दाखवा नोटीस मिळाली. त्यांनी एका ओळीत उत्तर दिलं: 'कारण दाखवलं आहे, सोबत प्रबंध जोडला आहे.' एक वेतनवाढ थांबली, बढतीही. गाडी परत वस्त्यांकडे वळवली गेली; पत्रात लिहिलं होतं, 'ज्येष्ठांच्या दारी हा उपक्रम यशस्वीरीत्या पूर्ण झाल्यामुळे थांबवण्यात येत आहे.' दवंडीसरांना योजनेबद्दलचं पारितोषिक आधीच जाहीर झालं होतं, ते त्यांनी घेतलं. सहा महिन्यांनी त्यांनी 'अशुद्ध डेटा: एक आव्हान' या विषयावर तीन गावांत भाषणं केली. त्यात 'एका कर्मचाऱ्याच्या सहकार्याने' असा उल्लेख होता. ती कर्मचारी आपणच असू अशी बाईंना शंका आहे.

सॉफ्टवेअरवाले आले आणि त्यांनी रोग मुळापासून उपटला: वयाच्या घरात आता नव्व्याण्णव चालत नाही. तिसऱ्या खिडकीतल्या नव्या मुलीने दोन दिवसांत अठ्ठ्याण्णव टाकायला सुरुवात केली. मग बाईंनी पत्रं लिहायला घेतली. 'वय माहीत नाही' असं एक बटण द्या, एवढीच मागणी. बाराव्या पत्राला ते बटण मिळालं. ते इतकं बारीक आहे की बाईंनी शेजारी लाल शाईने बाण काढून कागद चिकटवलाय.

निकालात बाईंना दुसरा वर्ग मिळाला. प्रबंधाला सरांनी पस्तीस दिले होते, परीक्षकबाईंनी ब्याऐंशी. नियमाप्रमाणे दोन्हींची सरासरी काढली गेली. भाच्याला पहिला वर्ग. नणंदेने पेढे वाटले नाहीत, कारण तिला कळलं होतं की सभागृहात मुलाला काहीतरी विचारलं होतं आणि त्याला ते आलं नव्हतं.

मग इस्पितळाने खास पद काढलं: डेटा अधिकारी. बाईंनी अर्ज केला. उत्तर आलं: वयोमर्यादा पस्तीस. बाई तेव्हा सेहेचाळीसच्या, खऱ्या सेहेचाळीसच्या. पद भाच्याला मिळालं. काचेची केबिन, गार हवेचं यंत्र, दारावर पाटी. पहिल्या दिवशी तो आमच्या खिडक्यांपाशी घुटमळला. वर्गातली मस्ती बरीच उतरली होती.

"मामी, तू रागावलीयस?"

"हो," बाई म्हणाल्या. "पण काम मोठं आहे, रागवायला नंतर वेळ मिळेल. केबिनमध्ये नंतर बस. आधी आठ दिवस इथे माझ्या शेजारी स्टूल घे."

आणि आश्चर्य म्हणजे तो बसला. पहिल्या दिवशी त्याने पंचवीस केसपेपर काढले आणि सत्तर लोकांच्या शिव्या खाल्ल्या. तिसऱ्या दिवशी एका म्हातारीने वय विचारल्यावर त्यालाच विचारलं, "तुला किती वाटतं, बाळा?" त्याने मान वळवून मामीकडे बघितलं. बाई म्हणाल्या, "तुला काय वाटतं ते नको लिहूस. तिला विचार, घरातला थोरला मुलगा किती वर्षांचा." पोराने विचारलं. आठ दिवस संपल्यावर तो आणखी चार दिवस बसला.

पाच महिन्यांनी मोठ्या कंपनीचं बोलावणं आलं आणि तो गेला. जाताना मामीच्या पाया पडला, आणि माझ्यासमोर म्हणाला, "मामी, तिकडे रिकाम्या घरांत काय भरतात ते बघून मी आधी विचारीन." विचारतो की नाही ते देव जाणे. तिथे पगार न विचारण्याचाच असतो म्हणतात.

पद रिकामं आहे. जाहिरात निघते, वयोमर्यादा तीच राहते, येणारे येतात आणि तीन महिन्यांत जातात. मधल्या काळात काम बाई बघतात: प्रभारी, जादा पगार नाही, केबिनची किल्ली मात्र मिळाली. सकाळी खिडकी, दोननंतर केबिन. तिथे त्या जुन्या स्थळप्रतींची पोती घेऊन बसतात आणि एकेक खरं वय कॉम्प्युटरात चढवतात. जिथे नर्सने काही लिहिलेलं नाही तिथे फोन करतात. काही फोन लागत नाहीत, काही माणसं आता नाहीत, काही विचारतात की एवढ्या वर्षांनी कशाला. बाई सांगतात, चुकलं होतं, दुरुस्त करतेय. एवढंच सांगतात, त्यात कुणाचं ते सांगत नाहीत. विचारलं तर सांगतात.

परवा मी दुपारी चहा घेऊन केबिनमध्ये गेलो. किती झाले विचारलं. एक हजार एकशे सहा, त्या म्हणाल्या. मी हिशेब मांडला की या गतीने निवृत्तीच्या आधी दोन वर्षं संपेल. बाईंनी चहाचा घोट घेतला आणि पुढची स्थळप्रत उजेडाकडे धरली. नर्सचं अक्षर लागत नव्हतं.

"भाऊ, हा एक आहे की सात?" त्यांनी विचारलं. डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचण्यात माझं आयुष्य गेलंय. मी खुर्ची ओढून बसलो.